मोठ्या अक्षरांचं कौतुक

माझी थोरली बहीण इस्पितळात टेलिफोनच्या बोर्डावर बसते. नुसत्या आवाजावरून माणूस ओळखण्यात तिचा हात कुणी धरणार नाही, पण तोच माणूस समोर उभा राहिला तर त्याला नाक आहे एवढंच तिला कळतं. डोळे लहानपणापासून अधू, आणि आता तर डॉक्टरांनीही हात टेकलेत. बोर्डावरच्या बटणांवर तिने नेलपॉलिशचे ठिपके देऊन ठेवलेत. स्वभाव तिखट. "मला नीट दिसतं, तुम्हीच सगळे पुसट आहात," असं ती वर म्हणते.

घरी आली की पर्स खुंटीला आणि गेमचा कंट्रोलर हातात. हाणामारी ती कानांवर खेळते, तलवार कुठून आली ते तिला माझ्याआधी कळतं. घोडं अडतं ते संवादांपाशी. तिच्या लाडक्या गेम-मालिकेत पात्रं तोंडाने बोलत नाहीत, त्यांचं बोलणं टीव्हीच्या तळाला मुंग्यांच्या रांगेसारखं येतं. ते वाचायचं काम वर्षानुवर्षं माझं. राजाला घोगरा आवाज, त्याच्या आईला चिरका. मी कंटाळून पाट्या टाकायला लागलो की ताई लगेच फटकारते, "ठोंब्या, राजा मरतोय. बातम्या वाचू नकोस."

मी लिफ्ट बसवतो. यंदा कंपनीने माझी बदली दूरच्या शहरात केली, आणि मालिकेचा शेवटचा भाग नेमका त्याच सुमारास यायचा होता. "हा मी माझा वाचून संपवणार," ताई म्हणाली. "तू गेल्यावर राजाचं काय झालं हे विचारायला मला कुणाच्या दारात जायचं नाही."

तिला एवढी खात्री होती, कारण तशी दवंडीच पिटली गेली होती. गेम चालवायचा कन्सोल एका कंपनीचा आणि गेम दुसऱ्याच, बाहेरच्या कंपनीचा. या बाहेरच्यांनी जाहीर केलं की नव्या भागात अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतील. झालं, गेम आधीच हाती मिळालेल्या परीक्षकांनी कौतुकाचे पूल बांधायला घेतले. एकाने तर 'माणुसकीचा विजय' असा मथळा दिला. कसला डोंबलाचा विजय? मी बसवलेली लिफ्ट मजल्यावर नीट थांबते म्हणून आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नाही थांबली तर माझी गचांडी धरतील, आणि ते बरोबरच आहे.

गेम आला. ताईने अक्षरं मोठी केली. 'सुरू करा' हे दोन शब्द एवढे फुगले की टीव्ही भरून गेला. ताईने ते बोट फिरवून वाचले, मोठ्याने वाचले. मग गोष्ट सुरू झाली, राजा बोलायला लागला, आणि खाली पुन्हा त्याच मुंग्या.

मी एका परीक्षकाला पत्र लिहून विचारलं, बाबा रे, तू हा गेम खेळलास की नुसता हुंगलास? त्याचं उत्तर आलं. त्याने सेटिंगचं पान उघडलं होतं, तिथली अक्षरं मोठी झालेली पाहिली होती आणि पान मिटलं होतं. पुढचे संवाद त्याला अडले नाहीत, कारण त्याची स्क्रीन टेबलावर, हातभर अंतरावर. वर लिहिलं होतं, 'निदान पर्याय तरी दिलाय. बाकीचे तेवढंही देत नाहीत.' मला अक्षरशः किळस आली.

ताईने गेमच्या कंपनीकडे तक्रार केली. चूक दुरुस्त करायची सोडून त्यांनी भलतंच विचारलं: तुमच्यावर छोटी फिल्म काढली तर चालेल का? मी नाही म्हणणार होतो. ताई म्हणाली, "येऊ दे. त्यांच्यासमोरच खेळून दाखवते."

आले. दिवे लावले, ताईच्या तोंडाला पावडर फासली. एक गोडबोली बाई तिच्याशेजारी बसली. "मॅडम, फक्त एवढंच म्हणा, आमचा विचार कुणीतरी पहिल्यांदाच केला."

"पण मला हे खालचं दिसत नाहीये," ताई म्हणाली.

"ते पुढच्या अपडेटमध्ये बघू. आज आपण छान छान बोलू या."

"आमच्या इस्पितळाच्या जिन्याला कठडा आहे. त्याची फिल्म काढलीत का कधी?"

कॅमेरावाला फिस्सकन हसला. त्याच्या हसण्याने ताईलाही हसू फुटलं, आणि त्यांनी नेमकं तेवढंच टिपलं.

महिन्याभरात टीव्हीवर जाहिरात लागली. संगीत, ताईच्या हातात कंट्रोलर, ताई हसतेय. तिच्या तोंडचा एक शब्द त्यांनी ठेवला नव्हता. शेवटी पडद्याच्या तळाशी एक ओळ येऊन थांबली. ताई टीव्हीला नाक लावून बसली होती, तरी तिला ती लागेना.

"काय लिहिलंय रे?"

मी रिमोट शोधायला लागलो.

"ठोंब्या, वाच की."

"'आता ती स्वतः वाचते,'" मी वाचलं.

ताईने जाहिरात संपू दिली. मग गेम लावला आणि माझ्यासाठी जागा करून दिली.

"सोमवारी जाणार ना तू," ती म्हणाली. "बस मग. होईल तेवढं वाच."