कोळंबीच्या कारखान्यातला कोरियन शिष्टाचार

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीतल्या मिरकरवाडा बंदराजवळच्या एका कोळंबीच्या कारखान्यात मी टायपिस्ट होते. सगळा माल एक कोरियन कंपनी उचलायची, म्हणून तिचा एक साहेब आणि एक तरुण इंजिनीअर इथेच मुक्कामाला होते. रत्नागिरी माझी, पण कारखान्याच्या फाटकातून आत गेलं की परकी मीच.

पहिल्याच दिवशी साहेबाने माझं वय विचारलं. कुणी कुणापुढे किती वाकायचं, ते त्यावरून ठरायचं. सकाळी रांगेत कवायत करायची, कागद दोन्ही हातांनी द्यायचा आणि साहेब उठेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. काम संपल्यावरही साहेब काचेतून समुद्र बघत बसायचा आणि आम्ही त्याच्याकडे बघत. माझी घरी जायची हातखंब्याची एसटी रोज चुकायची. 'नाही' तर म्हणायचंच नसे. मग मी "होय साहेब" म्हणायचं आणि होण्यासारखं असेल तेवढंच करायचं, असं धोरण ठेवलं. एवढं सोसलं, कारण ती त्यांची रीत होती आणि निदान ते ती मनापासून पाळत.

किळस यायची ती आमच्या मॅनेजरची. हा पुण्याहून आलेला. सुक्या बोंबलाच्या वासाने नाकाला रुमाल लावायचा; साहेबाच्या डब्यातला आंबवलेला कोबी मात्र डोळे मिटून चाखायचा आणि "वा, सर" म्हणायचा. कोरियन माणूस वाकेल त्याच्या दुप्पट हा वाकायचा.

एकदा माल गोठवायला उशीर झाला, तेव्हा साहेबाने सगळ्यांदेखत त्या इंजिनीअरच्या थोबाडीत मारली. तो ताठ उभा राहिला, मग वाकून त्यानेच माफी मागितली. नंतर नळावर तोंड धुताना दिसला, तेव्हा मी विचारलं, "तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

"ते मोठे आहेत," तो म्हणाला.

मला त्याची कीव आली आणि रागही. मॅनेजर मात्र भारावून गेला होता. "याला शिस्त म्हणतात. आपल्या लोकांना हेच हवंय."

पुढच्याच आठवड्यात त्याने ती शिस्त लावायला घेतली. शेडमध्ये कोळंबी सोलणाऱ्या बायकांत मिरकरवाड्यातल्या मच्छीमारांच्या घरातली एक खारवीण होती, आम्हा सगळ्यांहून वयाने मोठी. तिच्या टोपलीत चार कोळंब्या सालीसकट राहिलेल्या त्याला दिसल्या. त्याने हात उगारला. तिने त्याचं मनगट वरच्यावर धरलं.

"सायबा, माज्या घोवानं कधी हात नाय उगारलान. तू कोण?"

तिने हात धुतले आणि ती निघाली. तिच्यामागून अख्खी शेड बाहेर पडली. कोळंबी तशीच पडली, बर्फ वितळायला लागला.

साहेबाने मला बोलावून काय झालं ते विचारलं. मॅनेजर मध्येच म्हणाला, "किरकोळ गैरसमज आहे, सर." मी झालं ते सांगितलं आणि एवढंच जोडलं, "ती बाई तुमच्यापेक्षाही मोठी आहे, साहेब."

साहेबाचा चेहरा उतरला. तो मॅनेजरला घेऊन पायीच मिरकरवाड्यात गेला. त्याच्या इंग्रजीचं मराठी करायला दुभाषी म्हणून मी बरोबर. खारवीण दारात बसली होती. साहेब तिच्यापुढे कमरेत वाकला. मॅनेजर उभाच.

"सर, हिच्यासमोर?" त्याने इंग्रजीत विचारलं.

वर्षभर साहेबापुढे वाकणारी त्याची पाठ नेमकी तिथे आखडली. साहेबाने डोळे वटारले, तेव्हा त्याने हनुवटी जराशी हलवली.

त्याच्याकडे तिने बघितलंही नाही. मला म्हणाली, "बाय, उद्या येताव म्हणून सांग. पण तो शेडीत नको."

बायका आल्या. मॅनेजरला शेडमध्ये यायची बंदी झाली आणि थोड्याच दिवसांत तो पुण्याला परत गेला, कोकणातल्या माणसांना कामाची शिस्त नाही असं जाता जाता सांगत. साहेबाबद्दलचं माझं मतही फारसं सुधारलं नाही. बर्फ वितळत नसता तर तो एवढ्या लगबगीने निघाला असता का, याची मला शंकाच आहे. त्या इंजिनीअरची माफी त्याने कधीच मागितली नाही.

नंतर मला एका शाळेच्या ऑफिसात नोकरी मिळाली. "परदेशी कंपनी सोडलीस?" घरी सगळे हळहळले. मी म्हटलं, "सोडली."