सुनंदाची निवड

आज धरणगावच्या माझ्या पार्लरमध्ये वॅक्स जरा जास्त तापलं, आणि त्या गोडसर करपट वासाने मला थेट जळगावच्या आमच्या वर्गात नेऊन उभं केलं.

ब्युटी थेरपीचा कोर्स संपत आला होता. गोव्याच्या एका मोठ्या हॉटेलातून एक बाई स्पासाठी मुलगी निवडायला आल्या होत्या. वर्गात पहिली मी. पिंपळनेरच्या सुनंदाला थ्रेडिंगचा दोरा धरायलासुद्धा मीच शिकवलेलं. पण बाईंनी तिच्याकडून मान चोळून घेतली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हीच." सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. तिच्याकडे मात्र बघितलं नाही.

तिचे वडील तिला न्यायला आले होते. मला हुशार समजून त्यांनी आपल्या अहिराणीत विचारलं, गोव्यात सगळं ठीक आहे ना म्हणून, "माय, तठे बठ्ठं चांगलं शे ना? धाडू का पोरले?"

सुनंदा माझ्याकडेच बघत होती.

"नका पाठवू, आबा," मी म्हणाले. "एकट्या मुलीचं तिथे काही खरं नाही."

आबांनी मला नीट न्याहाळलं. "अन् तू, माय? तू जाती का?"

"मी तर आजच गेले असते!" माझ्या तोंडून निघून गेलं.

आबा हसले आणि सुनंदाकडे बोट करून म्हणाले, "मंग हाई बी जाई."

सुनंदा आता तिथे नव्या मुलींना शिकवते. तिचे फोटो आले की आजही माझा जळफळाट होतो, खोटं कशाला सांगू? पण त्या दिवशी मी एकच वाक्य खरं बोलले. तेवढंच तिच्या कामी आलं, आणि तेच मला बोलायचं नव्हतं.