अनुभवाच्या रकान्यातली एक्केचाळीस घरं

ज्या माणसाला ओळंबा कुठल्या टोकाने धरायचा हे कळत नाही, त्याच्या सहीवर तुमचं घर उभं आहे, हे तुम्हाला ठाऊक तरी आहे का? नसणारच. घर घेताना तुम्ही फरशीचा रंग बघता आणि नळ सोडून बघता. भिंत कोणी उभी केली, हे विचारायला तुमचं काय अडलंय!

भिंत मिस्त्री उभी करतो. वय छप्पन्न, गुडघे सत्तरीचे. नजर मात्र अशी की ओळ सुतभर हलली तरी त्याला घास गिळवत नाही. तीस वर्षांत त्याने एक्केचाळीस घरं, दोन पाण्याच्या टाक्या आणि शाळेची एक कुंपणभिंत बांधली. त्यातल्या एकाही बांधकामाच्या पाटीवर त्याचं नाव नाही. नाव सहीरावाचं.

सहीराव म्हणजे परवानेदार ठेकेदार. खरं नाव काही का असेना, सगळे गवंडी त्याला सहीरावच म्हणतात, कारण सही सोडून दुसरं काम त्याच्या हातून झालेलं कोणी पाहिलेलं नाही. एकदा पांढरे बूट घालून फोटो काढायला आला, ओल्या स्लॅबवर चढला आणि वर विचारतो, "हे मऊ का लागतंय?" मिस्त्री म्हणाला, "साहेब, तुमच्या पायगुणाने." मग खाली बसून त्याने बुटांचे ठसे थापीने मिटवले.

यंदा सरकारने फर्मान काढलं: आजवर परवानेदाराच्या हाताखाली चालून गेलं, पुढच्या महिन्यापासून स्वतःचा परवाना नसेल त्याने विटेला हात लावायचा नाही. मिस्त्रीला ते पटलं. चुकीचं बांधलं तर माणसं दबून मरतात, परवाना हवाच, असं तो आधीपासून म्हणायचा. अर्ज आणला. सातवा रकाना अनुभवाचा. सगळे शहाणे गवंडी तिथे 'अमुक परवानेदाराच्या हाताखाली दहा वर्षे' एवढंच लिहून सुटतात. आमच्या मिस्त्रीने मागे पुरवणी जोडली आणि एक्केचाळीस घरांचे पत्ते लिहिले. कुठे पाया किती खोल, कुठे कच्ची विहीर बुजवून वर बांधलं, सगळं. खाली लिहिलं, 'ही सर्व कामे मी स्वतः केली.'

आठवड्याने खिडकीवर गेला, तर कारकून कपाळावर हात मारून बसलेला.

"काका, हे काय लिहून ठेवलंत?"

"अनुभव. तुम्हीच मागितलात ना?"

"अहो, परवाना नसताना एक्केचाळीस बांधकामं! हा कबुलीजबाब झाला. साहेबांनी नोटीस काढलीय. पाच वर्षं तुम्हाला अर्जच करता येणार नाही."

"पाच वर्षांनी मी एकसष्टचा होईन. वयाची अट साठ."

"तेच म्हणतोय. मंगळवारी सुनावणी आहे. त्याआधी पुरवणी मागे घ्या आणि परवानेदाराकडून लिहून आणा की तुम्ही त्यांच्या हाताखाली होता."

"तो माझ्या वर कधी होता?"

"ते मला नका विचारू. इथे कागद बोलतो."

कागद बोलतो म्हणे! मग कागदालाच चढवा की परांचीवर सिमेंटचं घमेलं घेऊन.

मिस्त्री मान खाली घालून सहीरावाकडे गेला. सहीरावाने पत्र आधीच टाइप करून ठेवलं होतं. "तुझ्या भल्यासाठीच आहे रे," म्हणाला. "खाली अंगठा, आपलं, सही कर." मिस्त्रीला उत्तम लिहिता येतं, हे त्याला तीस वर्षांत कळलं नव्हतं.

मिस्त्रीने पत्र घरी आणलं. बायको आधी व्यवहाराचंच बोलली. "करा सही आणि व्हा मोकळे. ताठ मान काय चुलीवर शिजवायचीय?" मग तिने कागद उजेडात धरला आणि मोठ्याने वाचला. 'सदर इसमाने माझ्या देखरेखीखाली वीट, वाळू व पाणी वाहण्याचे काम केले.' ती थांबली. पुन्हा वाचलं.

"अहो, हे तर माझं काम."

"काय?"

"पहिली बारा घरं वीट, वाळू नि पाणी मी वाहिलं. पोर पोटात असताना वाहिलं. तो मेला तुमचं काम लाटतोय, आणि तुम्ही सही करून माझं लाटणार?"

 मिस्त्री हसला, खूप दिवसांनी. पत्र घडी करून त्याने डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारलं. सहीरावाचा कागद पहिल्यांदाच कसला तरी भार पेलत होता.

दुसऱ्या सकाळपासून दोघं दारोदार निघाली. एवढंच मागायला, की मंगळवारी या आणि सांगा, आमचं घर या माणसाने बांधलं. निम्म्या मालकांनी तोंडी साक्ष दिली तर सुनावणीत ती कामं गुन्हा न धरता अनुभव म्हणून धरतात, हेही त्या कारकुनानेच, इकडेतिकडे बघत, हळूच सांगितलं होतं. आणि घरमालक! ज्यांच्या गच्चीतून तीस वर्षांत पाण्याचा थेंब झिरपला नाही, ते दाराची साखळीसुद्धा काढेनात. "आमचं नाव कशाला मध्ये?" "घराच्या दाखल्याला काही झालं तर?" एक तर आतून ओरडला, "मालक घरी नाहीत!" आवाज मालकाचाच. भिंती भक्कम दिल्या, पण आतल्या माणसांचा कणा भरणं काही मिस्त्रीच्या हाती नव्हतं.

एक्केचाळीसपैकी तीन जण हो म्हणाले. एक निवृत्त परिचारिका, एक शिंपी आणि एक म्हातारा, ज्याला नीट ऐकू येत नाही. तो म्हणाला, "मला काय विचारतील ते कळायचं नाही, पण मी तिथे उभा राहीन."

तिघांच्या तोंडी साक्षीने नोटीस मागे घेतली जाणार नाही. निम्मी घरं तरी बोलायला हवीत. म्हणून हे लिहिलं आहे. तुमच्या खिडकीच्या वर एक आडवी ओळ उभ्या विटांची असेल, तर ती मिस्त्रीची पद्धत आहे, दुसरा कोणी एवढी मेहनत घेत नाही. एकदा बाहेर येऊन वर बघा. आणि मंगळवारी अकरा वाजता परवाना कार्यालयात, पहिल्या मजल्यावर, या. भाषण नको, हार नको. तुमचं घर कोणी बांधलं, एवढं एक वाक्य खरं बोला.