पाचही रंग दांड्यापासून

मी अमरावती जिल्ह्यातल्या संत्र्यांच्या शेंदूरजनाघाटचा. आठवीनंतर शाळा सोडली, शिवणकाम शिकलो, फौजेत ट्रेड्समन म्हणून टेलरच्या कामावर लागलो. सेशेल्स नावाचा देश आहे हे मला तिथे जायची ऑर्डर आली तेव्हा कळलं. हिंदी महासागरातली शंभरावर बेटं, राजधानी व्हिक्टोरिया, वस्ती सारी लाखभर. आमच्या एकट्या अमरावतीत असे पाच देश मावतील. तिथल्या सैन्याबरोबर आमच्या तुकडीचा संयुक्त सराव होता. घरापासून इतका लांब मी कधी गेलो नव्हतो.

आमच्या तुकडीतले हवालदार इंगळे मूर्तिजापूरचे. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. मी गप्प बसलो की म्हणायचे, "काहून तोंड पाडून बसला बे? खारं पाणी आहे, पिऊ नको म्हणजे झालं."

उद्घाटन ०९०० ला, म्हणजे सकाळी नऊला होतं. ०७३० ला तिथला सार्जंट त्यांचा नवा झेंडा घेऊन आला. त्याला दोरी ओवायची पट्टीच नव्हती. मशीन फक्त माझ्याकडे. उस्तादांनी तुकडीच्या साहेबांना सांगून टाकलं, "झेंडा वेळेवर मिळेल, जबाबदारी माझी."

टेलर कापडाची उलटी बाजू वर घेऊन शिवतो. हाताची सवय. मोबाइलवरच्या चित्रात दांडा डावीकडे होता, म्हणून मी डावीकडे पट्टी मारली. ०८२० ला झेंडा सुलटा केला, तर पट्टी उजवीकडे गेली. सार्जंटने नकारार्थी मान हलवली. झेंड्याच्या खालच्या कोपऱ्यावर मूठ ठेवून म्हणाला, "पोल हिअर."

निळा, पिवळा, लाल, पांढरा, हिरवा. पाचही पट्टे दांड्याजवळच्या कोपऱ्यातून पंख्यासारखे निघतात. माझी पट्टी नेमकी दुसऱ्या टोकाला होती. यजमानांसमोर त्यांच्याच देशाचा झेंडा चुकीचा चढला असता, आणि नाव उस्तादांचं गेलं असतं.

ब्लेडने टाके उसवू लागलो. उस्तादांच्या रेडिओवर साहेबांचा आवाज आला.

"फ्लॅग रेडी? ओव्हर."

"०८५५ को मिलेगा. चेक करके भेजता हूँ. ओव्हर," उस्ताद म्हणाले.

मग उस्तादांनी कापड ताणून धरलं. "मायाकडे पाहू नको. टाक्याकडे पाहाय."

०८५३ ला शेवटचा टाका. त्यांनी दोनदा चेक केलं. ०९०० ला दोन्ही देशांचे झेंडे वर गेले, वाऱ्याने पाचही रंग उलगडले. मी तंबूमागे बसलो आणि त्या दिवशी पहिल्यांदा समुद्र नीट पाहिला.

नंतर चहा पिताना सार्जंटने अर्थ सांगितले: निळं आकाश न् समुद्र, पिवळा सूर्य, लाल माणसं, पांढरा न्याय, हिरवी जमीन. उस्ताद म्हणाले, "संत्र्याचा रंगच नाही त्याच्यात. तुयी चूक होणारच होती." साहेबांना त्यांनी त्या चुकीचं कधीच सांगितलं नाही.

दोन वर्षांनी उत्तरेतल्या एका पोस्टवर बर्फाचा कडा कोसळला. त्यात उस्ताद गेले. मी सुट्टीवर होतो, मूर्तिजापूरला पोचलो. त्यांच्या शवपेटीवरचा तिरंगा गर्दीत थोडा सरकला होता. नीट करायचं काम मी मागून घेतलं. केशरी पट्टा डोक्याकडे. दोनदा चेक केलं.

"बरोबर आहे, उस्ताद," एवढंच म्हटलं आणि सॅल्यूट केला.