चुंबकवाल्याच्या छातीतलं यंत्र

आमच्या ह्यांना, रावसाहेबांना, पेसमेकर बसवला आणि डॉक्टर म्हणाले, "आता लोहचुंबकापासून लांब राहायचं." मी कपाळावर हातच मारून घेतला. अहो, ज्या माणसाचं उभं आयुष्य महाप्याच्या कारखान्यात चुंबक करण्यात गेलं, त्याला हे सांगायचं?

पाटणहून लग्न करून बोनकोड्याच्या खोलीत आले, तेव्हापासून चुंबकाचंच ऐकत आलेय मी. लोखंडात ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, पुन्हा तापवून चुंबकाच्या ओढीतच निववायचं. जेवतानाही तेच पुराण. "ठिसूळ असतो गं, पडला की तुकडा. पण उष्णता सोसावी तर त्यानंच." मी म्हणायची, "म्हणजे माझ्यासारखाच की!" मग हसायचे.

सगळ्यात शेवटी यंत्रात धरून विजेचा झटका देतात, तेव्हा कुठं त्या तुकड्यात जोर येतो. ते यंत्र ह्यांच्याकडं होतं. आता तिथं पाऊलसुद्धा टाकायचं नाही.

घरी बसले आणि बोलका माणूस मुका झाला. मी तर एवढी धसकले होते, की फ्रिजवर चिकटवलेला चुंबकाचा गणपतीसुद्धा शेजारच्या सुमित्राबाईंना देऊन टाकला. देवा, माफ कर रे बाबा! पण खरी भीती वेगळीच होती. कारखाना कायमचा सुटला तर हा माणूस झुरून जाणार, हे मला दिसत होतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मालक, इंद्रजितशेठ, दारात हजर. मला वाटलं, शाल-नारळ देऊन मोकळे व्हायला आले. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"वहिनी, उद्याची पूजा दरवर्षीसारखी रावसाहेबांच्याच हातची. तुम्हीही या."

"यंत्राजवळ जायची बंदी आणि पूजा कसली करताय?" मी फाडकन बोलले.

"या तर खरं," एवढंच म्हणाले.

गेलो. कारखान्यात न नेता त्यांनी आम्हाला रस्त्यापलीकडच्या साच्यांच्या शेडमध्ये नेलं. पाटावर साच्यातून नुकतेच काढलेले तुकडे मांडलेले, अंगावर वाळू तशीच. ह्यांनी हळद-कुंकू वाहिलं आणि एक तुकडा उचलून थेट छातीशी धरला.

"अहो, टाका तो!" मी किंचाळलेच.

ह्यांनी माझ्या पदराची टाचणी काढून तुकड्याला लावली. टाचणी खाली पडली. "अगं येडे, ह्यात अजून जोर आलाच नाही. नुसता धातू हाय."

इंद्रजितशेठ म्हणाले, "डॉक्टरांना विचारून आलोय. भट्टीकडं आणि त्या यंत्राकडं फिरकायचं नाही. इथं साचे करायला हरकत नाही."

साच्यावरचा हौसेराव पुढं आला. "दादा, मी तुमच्या यंत्रावर जातो. माझी जागा तुम्ही घ्या." किती वर्षांची बसायची जागा बिचाऱ्यानं हसत सोडली. त्याच्या लेकराबाळांचं भलं होवो! शेठना मी तोंडाला येईल ते बोलले होते, त्यांच्याही पाया पडावंसं वाटलं.

आजारपणात ह्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. पुढं ठेवलं ते खाल्लं, नाही तर तसंच राहिलं. परतताना रिक्षात म्हणाले, "उद्या दसऱ्याची सुट्टी. परवा डबा दे. भाकरी एक जास्त ठेव."

मी तोंडाला पदर लावून घर येईस्तोवर रडले.