कळंब्याच्या ऑफिसातून ‘हाय’

लोक कोल्हापूरला अंबाबाईला जातात, नाहीतर मटण खायला. मी गेले ती हेरगिरी करायला. साहेबांनी कागदावर ‘व्हिजिट’ लिहिलं होतं, पण खरं नाव हेरगिरीच.

झालं असं, की आमच्या टीममधल्या सुजाताच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. ती एकुलती एक, घरी आई एकटी. पाच वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये घासलेल्या या पोरीनं सरळ राजीनामा टाइप केला. मी म्हटलं, थांब जरा, घरून काम करता येतंय का बघू. हे ऐकून साहेब खुर्चीतून पडायचेच बाकी होते. “घरून काम? म्हणजे भरपगारी सुट्टी!” मी आठ दिवस त्यांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे एका आठवड्याची परवानगी मिळाली. त्यातही अटी दोन. अमेरिकेतल्या क्लायंटला कळता कामा नये, आणि फोनवर घरातला आवाज येता कामा नये. शेवटचे दोन दिवस मी स्वतः जाऊन बघायचं. नाही जमलं, तर राजीनामा मंजूर.

गुरुवारी सकाळी सहाला स्वारगेटहून एसटी धरली. जाणाऱ्यांनी हीच धरा, दुपारच्या जेवणाला पोचता. रस्ता आता चौपदरी झालाय, त्यामुळे खंबाटकीचा घाट सोडला तर पोटातलं पाणी हलत नाही. खिडकी मात्र डावीकडची घेऊ नका, सकाळभर ऊन तोंडावर येतं. मी घेतली होती. कराडला गाडी थांबली तेव्हा वडापाव खाल्ला, गरम होता एवढंच त्याचं कौतुक. परत येऊन बसते तोच एक फेटेवाले आजोबा म्हणाले, “पावणं, जागा हाय का?”

मी मागे वळून बघितलं, पाहुणे कोण आले म्हणून. तर पावणं मीच! आणि ‘हाय’ म्हणजे ‘आहे’, हे माझ्या सदाशिवपेठी डोक्यात शिरायला दोन सेकंद लागले.

“हाय की,” मी ठसक्यात म्हटलं. आजोबा खूश होऊन शेजारी बसले आणि कोल्हापूरपर्यंत उसाच्या जाती सांगत राहिले.

स्टँडवर रिक्षा केली. “कळंब्याला जायचंय.”

“जेलात कोण हाय तुमचं?” रिक्षावाल्यानं मोठ्या आपुलकीनं विचारलं. कळंब्याला मोठा तुरुंग आहे, हे मला कुठलं ठाऊक! मैत्रिणीकडे चाललेय म्हटल्यावर बिचारा जरा हिरमुसला. पण भाडं मीटरप्रमाणेच घेतलं, हे आवर्जून लिहिते.

सुजाताचं घर दोन खोल्यांचं, पुढे पडवी. आतल्या खोलीत कॉम्प्युटर, भिंतीवर लोडशेडिंगचं वेळापत्रक, त्याखाली तिच्या कामाच्या वेळा. दुपारी वीज जाते म्हणून बाई पहाटे सहाला सुरुवात करत होती. मी दारात असतानाच आतून ओरडली, “आलो आलो, विद्याताई!” पुण्यात पाच वर्षं ‘येते, जाते’ म्हणणारी ही मुलगी घरी इथल्या सगळ्या बायकांसारखी ‘आलो, गेलो’ म्हणत होती. तिला इतकं मोकळं मी कधी पाहिलंच नव्हतं. मला एकदम बरं वाटलं.

पडवीत खाटेवर तिचे वडील, आबा, हातात काठी घेऊन बसलेले. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तीस वर्षं नोकरी. मशिनींच्या वर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे कानात बोलले तरी गल्लीला ऐकू जाईल. डावा हात अजून लुळा होता, आवाज मात्र ठणठणीत.

“म्याडम, एक इचारू? हिची हजेरी कोन घेतं?”

“कोणी नाही, आबा. काम झालं की झालं.”

“आमच्यात भोंगा वाजायचा. पाच मिन्टं उशीर झाला की अर्धा दिवस गेला! आनि ही पोरगी चप्पल न घालता कामाव जाती!”

मग त्यांनी स्वतःच हजेरी घ्यायला सुरुवात केली होती. सकाळी सहाला काठी आपटून “पाळी सुरू!” आणि दिवसभर दारात पहारा. शेजारीण साखर मागायला आली, तर “कामाव हाय ती, नंतर ये” म्हणून परत पाठवली. सुजाताची आई मला हळूच म्हणाली, “झटका आल्यापास्नं गप्प भिताडाकडं बघत पडायचं वो. ही आली आनि उठून बसायला लागलं.” हे ऐकलं आणि माझी हेरगिरी तिथंच संपली. आता मला ही नोकरी टिकायलाच हवी होती.

शुक्रवारी पहाटे सुजाताला काम करू दिलं आणि मी कळंब्याच्या तळ्याकाठी फिरून आले. मग रिक्षानं गंगावेशीत जाऊन कट्ट्यावर दूध प्यायले. समोर म्हैस पिळतात आणि फेसाळता पेला हातात देतात. अर्धा पेला मिळत नाही, मी विचारून बघितलं. “अर्ध्यानं काय हुतंय?” गवळी म्हणाला. संपवला. दुपारी जेवायची गरज पडली नाही, तरी सुजाताच्या आईनं भाकरी आणि झणझणीत अंड्याची आमटी वाढलीच.

संध्याकाळी सातला खरी परीक्षा. क्लायंट लिंडाबाईंबरोबर कॉल, फोन स्पीकरवर. दारं बंद, मिक्सर बंद, आबांना तोंडावर बोट ठेवायची सक्त ताकीद. वीस मिनिटं सुजाता फाडफाड बोलली. मला वाटलं, जिंकलो! तेवढ्यात गल्लीतून कोणीतरी हाक मारली, “आबा, हायसा का घरात?”

तीस वर्षांची सवय. आबा गरजले, “हाय!”

फोनवरून लिंडाबाई गोड आवाजात, “हाय!”

आबांना वाटलं, फोनवरच्या बाईंना नीट ऐकू गेलं नाही. त्यांनी आवाज चढवला, “हाय, हाय! हाय की!”

पुण्यात दोनदा हाय म्हटलं की मोर्चा निघतो. मी डोक्याला हात लावला. लिंडाबाईंनी विचारलं, हे कोण? मी सुजाताला खुणेनं सांगत होते, सांग ऑफिसातला माणूस आहे. तिनं माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे सांगून टाकलं, “माझे वडील. ते आजारी आहेत. मी घरून काम करतेय.”

“आजच?”

“सोमवारपासून.”

“म्हणजे बुधवारची दुरुस्तीही तिथूनच केलीस?”

“हो.”

लिंडाबाई म्हणाल्या, “मला तर फरक कळलाच नाही. आणि मघाशी त्यांनी मला चारदा नमस्कार का केला?”

सुजातानं ‘हाय’चा अर्थ सांगितला. बाई इतक्या हसल्या, की स्पीकर खरखरला. आबा दारातून मला विचारत होते, “काय चुकलं का माझं?”

“काही नाही आबा, जमलं!” मी ओरडले. फोन चालू आहे हे मीच विसरले होते.

शनिवारी दुपारच्या एसटीनं परत. सोमवारी साहेबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं, आबांच्या गर्जनेसकट. लिंडाबाईंची मेल आधीच आली होती, सुजातालाच कामावर ठेवा म्हणून. साहेबांनी ती दोनदा वाचली. “ठीक आहे, राहू दे तिला तिकडे.” मी जागेवर येऊन फोन केला. तिकडे सुजाता किंचाळली, आई रडली, आबांनी काठी आपटली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, मी लपवलं नाही.

एक वाजता डबा उघडला. पाच वर्षं शेजारी बसून आम्ही दोघी एकमेकींच्या डब्यातलं खात होतो. जाताना सहा तास, येताना सहा तास एसटीत बसले, आणि तेवढ्या वेळात एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही, की ती जिंकली तर ही खुर्ची रिकामीच राहणार आहे.