मुद्दाम बाद झालेला गडी

नातीने सकाळी कालच्या बेसबॉल सामन्याचे आकडे दाखवले. मला मेलीला त्यातलं काय कळतंय! पण एका नावापुढे वेगळीच नोंद दिसली.

"आजी, हा मुद्दाम बाद झाला, म्हणून त्याच्या सोबत्याची धाव पूर्ण झाली. असं बाद होणं सरासरीत धरत नाहीत."

बाई गं, आकडे मांडणाऱ्यांना केवढी ही जाण! मला माझ्या थोरल्या जाऊ आठवल्या, अक्का. माझ्या वाटच्या भाकऱ्या त्यांनी थापल्या, सासूबाईंची बोलणी खाल्ली, म्हणून मी मुलांच्या पुस्तकांतून वाचायला शिकले. हे आजवर कुठेच लिहिलं नव्हतं, म्हणून इथे लिहितेय.

लगेच गावी फोन लावून त्यांना हे सगळं सांगितलं.

"बरं बरं," अक्का म्हणाल्या, "हल्ली काय वाचतेस ते सांग. पटकन, तव्यावर भाकरी आहे."